घरचा नमुना

मॅडम,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. आठवण येते म्हणून नाही, राग येतो म्हणून. चांगल्या बाईवर रागावणं फार अवघड असतं, ऐकून घेणारं कोणी मिळत नाही. तुमचा विषय निघाला की या दवाखान्यात लोक अजून हात जोडतात. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांसाठी तुम्ही वरच्या मजल्यावर हार्मोन तपासायची लॅब उभी केलीत, रक्त पुण्याला पाठवून आठ-आठ दिवस वाट बघणं संपवलंत, हे सगळं खरंच आहे. मी तुमची पहिली टेक्निशियन. मंद्रूपहून रोज एसटीने येणारी, खांद्यावर ओढणीला पिन लावलेली, बावीस वर्षांची.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला झापलं होतं. एका बाईचा एएमएचचा आकडा एक पूर्णांक नऊ आला होता, मी सरळ दोन लिहून मोकळी झाले. विचारलंत तर म्हणाले, एवढाच तर फरक आहे. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "तुमच्या घरी मेंढरं किती?" मी म्हणाले, बावीस. "मग विकताना वीसच सांग की. एवढाच तर फरक." सगळ्यांसमोर. मग जरा आवाज उतरवून म्हणालात, "तिच्या पोटात बीजं किती उरलीत, हे तिला या आकड्यावरनं कळणार आहे. आकडा आपल्या सोयीनं लिहायचा नाही. मशीन म्हणेल तो लिहायचा आणि ज्याचा आहे त्याला सांगायचा." घरी जाऊन रडतरडत आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बाई लई खमकी हाय, पर बराबर बोलली." तुमचं ते वाक्य मी इतकी वर्षं नव्या मुलींना सांगत आले. तुमच्या नावानिशी.

दर महिन्याला नव्या किटचा खोका फोडला की कंपनीने दिलेल्या नमुन्यासोबत आपण एक घरचा नमुनाही मशीनवर लावायचो. घरचा म्हणजे माझा. पाळी वेळेवर, तब्येत ठणठणीत, औषध कसलंच नाही. तुम्ही म्हणालात, हिचं रक्त म्हणजे आपला काटा. माझा आकडा नेहमीसारखा आला की किट चांगलं, मग पेशंटांची रक्तं लावायची. ही पद्धत कुठल्या पुस्तकातली नव्हती, तुमचीच होती. तुम्ही शेजारी उभ्या राहून आकडे तेलुगूत पुटपुटायचात, माग चालवणाऱ्या घरातली तुमची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही, आणि मी बाहीचं बटण लावत तुमच्या तोंडाकडे बघत राहायची. जिल्ह्यातल्या बायकांच्या हार्मोनवर तुम्ही डॉक्टरांच्या परिषदेत निबंध वाचलात, त्यात 'निरोगी स्त्री, क्रमांक एक' मीच होते. त्याची झेरॉक्स मी आईला दाखवली होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने ती देव्हाऱ्यात ठेवली.

चौथ्या वर्षी काटा हलायला लागला. माझा एएमएचचा साडेतीनचा आकडा तीनवर आला, मग अडीचवर, मग त्याच्याही खाली. आपण किटला दोष दिला. मी स्वतः कंपनीच्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं: "मे महिन्यात सोलापूरला माल पाठवता आणि डब्यात बर्फ एवढासा? अक्कल गहाण ठेवली का?" बिचाऱ्याने दोनदा खोके बदलून दिले. माझा आकडा उतरतच राहिला. कंपनीचा नमुना दर वेळी बरोबर येत होता, म्हणजे किटमध्ये काही खोट नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. रोज दहा बायकांना आकड्याचा अर्थ समजावणारी मी, आणि दिव्याखाली अंधार. मग एके दिवशी मी नेहमीसारखी बाही वर केली, तर तुम्ही म्हणालात, "तुझं नको. नव्या मुलीचं घे." का विचारलं तर म्हणालात, "किती दिवस तुझंच रक्त पिऊ?" आणि हसलात. मीही हसले.

सात महिन्यांनी माझं लग्न झालं. तुम्ही इरकल घेऊन आलात, हिरवं, लाल काठाचं. अक्षता पडल्यावर कानाशी वाकून म्हणालात, "उशीर करू नका बरं." मी लाजले. मांडवातली प्रत्येक बाई मला तेच सांगत होती, मावश्या, आत्या, शेजारणी. आकड्याशिवाय वाक्य न बोलणाऱ्या तुम्ही त्या दिवशी मांडवातल्या मावशीसारखं बोललात आणि सुटलात.

आम्ही उशीर केला. नवरा माळशिरसला बँकेत, मी सोलापुरात, भेट फक्त रविवारची. बदली होऊ दे, मग बघू, असं म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. तोवर तुम्हीही गेलात, चहाचा कप हातात असताना, झटक्यात. बदली झाली, वर्ष गेलं, दिवस राहिले नाहीत. मी माझं रक्त माझ्याच हाताने आपल्याच मशीनवर लावलं. शून्य पूर्णांक दोन. मग कपाटातली तुमची जुनी रजिस्टरं काढली. माझा तो शेवटचा आकडा, आणि समोर लाल शाईत तुमचं तिरकं अक्षर: 'किट नाही. हिचंच आहे. पुण्याहून खात्री केली.' माझं रक्त तुम्ही पुण्याला पाठवलंत, उत्तर आणवलंत, रजिस्टरात लिहून ठेवलंत. टेबलाच्या पलीकडे मी बसले होते, तेवढं मात्र तुम्हाला लांब पडलं.

पुढे दोनदा उपचार घेतले. पोटावर इंजेक्शनं घेऊन मी त्याच जिन्याने वर कामाला यायची. पहिल्या खेपेला एक बीज मिळालं, ते रुजलं नाही. दुसऱ्या खेपेला तेही नाही. वेळेवर कळलं असतं तर मूल झालंच असतं, असं मी म्हणत नाही. नुसत्या एका आकड्यावरून कुणाचं नशीब सांगू नये, हेही तुम्हीच शिकवलंत. पण घाई करायची की नाही, हे मी ठरवलं असतं. लग्न ठरत होतं, मंद्रूपला बातमी फुटली असती, सोयरीक मोडली असती, म्हणून तुम्ही गप्प बसलात, एवढं मला कळतं. मोडली असती तर माझी मोडली असती, मॅडम. तुमच्या निबंधात मी अजून निरोगीच आहे, क्रमांक एक.

आता मी तुमच्या खुर्चीत बसते. घरचा नमुना अजून चालतो, बंद करावा असं मनात आलं तरी केला नाही. सध्या तो वेळापूरच्या एका मुलीचा आहे, तेवीस वर्षांची, कामाला वाघ. तीन महिने तिचा आकडा उतरतो आहे. या खेपेला मी गुपचूप दुसऱ्या लॅबमधूनही तपासून आणला. तोच आला. गेल्या शुक्रवारी तिला आत बोलावलं, दार लावलं, वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "तुझ्या नमुन्याबद्दल बोलायचंय," एवढंच म्हणाले. ती पटकन म्हणाली, "किट खराब असंल की मॅडम! परवाच्या डब्यात बर्फच नव्हता, मी बगितलंय." आणि लगेच, लाजत, "मॅडम, पुढच्या रविवारी सुट्टी पायजे हुती. पावणे येणार हायती बघायला." हातात खोका, कपाळावर घाम, तोंडभर हसू. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी तुमच्यासमोर मी कशी उभी असेन. ते दिसल्यावर तुमच्यावरचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

"असेल," मी म्हणाले. "कंपनीला फोन लाव." दाराबाहेर ती त्या माणसाला झाडत होती, अगदी माझ्यासारखी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या त्या रजिस्टरात लाल शाईच्या पानाशी ठेवणार आहे. सोमवारी तिला सगळं सांगणार आहे, असं लिहिलं असतं तर ते इथे छान संपलंही असतं. पण आकडा आपल्या सोयीनं लिहायचा नाही. सोमवार होऊन गेला, मॅडम. आज गुरुवार आहे.