टिल्डाचा लाहा

२९ जानेवारी

तूर कापून झाली! एका दिवसात! वीस घरांची माणसं आली होती. एकविसावी टिल्डा.

सकाळी तिला म्हटलं, आज तू आराम कर, आज लाहा आहे. लाहा म्हणजे काय? — तिचा प्रश्न. सांगितलं : आपण निरोप द्यायचा, लोकांनी येऊन आपल्या शेतात राबायचं. मजुरी नाही, पोटभर जेवण. आणि त्यांच्या घरचा निरोप आला की आपण जायचं. मी आजारी असले तर माझ्या नवऱ्याने, करणसिंगने जायचं, पण घरातून कुणीतरी जायचंच. तिने ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातला विळा उचलला. "मग मीही लाहा!"

संध्याकाळी तिच्या तळहातावर चार फोड. मुलगी शेतकऱ्याचीच, पण डेन्मार्कची. तिकडे सगळं यंत्राने, फक्त स्ट्रॉबेरी हाताने खुडतात म्हणे. बायकांनी तिची टिलूबाई करून टाकली.

हे सगळं आमच्या लेकीचं, रविनाचं. धुळ्याला शेतकी शिकायला गेली आणि तिथून कुठल्याशा वेबसाइटवर आमचं घर टाकून मोकळी झाली — शेतात काम करा, घरात राहा, परिसर पाहा. मला वाटलं, कोण येतंय सातपुड्यात! आली की.

३१ जानेवारी

टिल्डाला मणिबेली बघायची होती. अर्धा दिवस जीप, मग होडी. होडी पाण्याच्या मधोमध आली तेव्हा तिने विचारलं, "गाव कुठे आहे?" मी खाली बोट दाखवलं. धरणाच्या पाण्यात बुडालंय. इथे माझ्या मामाचं घर. तिकडे चिंचेचं झाड, आम्ही पोरं त्यावर दिवसभर असायचो.

तिने फोन पिशवीत ठेवला. परत येईपर्यंत काढला नाही.

मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मी हे मुद्दाम सांगितलं का? तिच्या सहलीत खडा टाकायला? थोडं, हो.

परतताना ती आपले देश सांगत होती. अकरा! काही ठिकाणी द्राक्षं खुडली, काही ठिकाणी मेंढ्या राखल्या, आणि रविवारी डोंगर, किल्ले, समुद्र. मी मनातल्या मनात माझे मोजले. नंदुरबार, धुळे, एकदा नाशिक. आणि लहानपणी आईबापाबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला — सहा महिने पालात. तेही परमुलखातलं शेतकामच ना? त्याला सुट्टी कुणी म्हटलं नाही!

३ फेब्रुवारी

टिल्डाला नंदुरबार स्टेशनवर सोडलं. ती रडली. मी नाही.

४ फेब्रुवारी

सकाळी भाकरी थापत होते. सासूबाई चुलीपाशी बसून सहज म्हणाल्या, "मग तू कधी जाणार?"

"कुठे?"

"टिलूच्या शेतात."

करणसिंगला चहाचा ठसकाच लागला. सासूबाई हसल्या नाहीत. ती लाह्याच्या दिवशी विळा घेऊन उभी होती की नाही? लाह्याचं जेवण जेवली की नाही? मग? आपल्या घराने कुणाचा लाहा बुडवलेला नाही, म्हणाल्या. आणि पुढचं जास्त वाईट — पावसाआधी घराचं छप्पर नवं करायचंय, त्यासाठी वीस-पंचवीस माणसं लागणार. "एक लाहा डोक्यावर असताना दुसरा कुठल्या तोंडाने बोलवू? मी निरोप देणार नाही."

करणसिंग म्हणाला, "जा की. बैलजोडी पण घेऊन जा. वाटेत समुद्र लागतो, पोहणी होईल त्यांची!"

मी म्हटलं, जाते. हसण्यावारी नाही म्हटलं. त्याचं हसू थांबलं तेव्हा त्यालाही कळलं.

९ फेब्रुवारी

टिल्डाला फोन लावला. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, तरी कळलं सगळं. "मोती, ती माझी सुट्टी होती! तुझं काहीच देणं नाही. मी माफ केलं!"

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, राबणाऱ्याने माफ करून चालत नाही. भिडेपोटी सगळेच माफ करतील. मग लाहा उरेल का?

 

टिल्डाच्या वडिलांनी कळवलं, जून-जुलैत स्ट्रॉबेरी, हवं तेव्हा या, विमानाचं तिकीट आम्ही काढतो. नाही म्हटलं. दुसऱ्याच्या भाड्याने फेडलेला लाहा कसला! माझ्या मिरचीचे पैसे आहेत. दोन बोकड आहेत.

२० फेब्रुवारी

पासपोर्टचा अर्ज दिला. जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गातल्या सगळ्यांची १ जून — गुरुजींनी एका बैठकीत टाकलेली. आई सांगायची, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत झालीस तू. म्हणजे अर्जाची सुरुवातच खोट्याने. पण हे खोटं माझं नाही, मला दिलेलं आहे. फरक आहे ना? आहे असं धरून सही केली.

१५ मार्च

होळीला सगळा गाव मैदानात. ढोल थांबला की माझाच विषय.

"मोती, विमानात विळा नेऊ देतात का गं?"

"आम्हाला पण निरोप दे बाई, आम्ही पण येऊ लाह्याला! जेवायला काय देतात तिथे?"

"करणसिंग, बायको गोरी होऊन आली तर ओळखशील ना?"

मी म्हटलं, हसा. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या शेतात मी राबलेय, आणि माझ्या शेतात तुम्ही. एकाचा तरी बुडवला का? मग हिचा का बुडवू? ती लांब राहते म्हणून? लांब राहणाऱ्याचं बुडवलेलं चालतं, हे कुणी ठरवलं?

 मग ढोल सुरू झाला. मी सगळ्यांत शेवटपर्यंत नाचले!

२ एप्रिल

पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखी दिसते.

१६ एप्रिल

व्हिसाचा अर्ज भरायला नंदुरबारला तौहिदच्या दुकानात. स्टेशनाजवळ ऑनलाइन अर्जांचं त्याचं छोटं दुकान आहे. त्याचे वडील मिरचीच्या बाजारात हमाल होते, आमच्या मिरचीची पोती त्यांनीच उचललेली, म्हणून मला ताई म्हणतो. सगळं भरत आला आणि एका रकान्यापाशी थांबला. प्रवासाचं कारण.

"ताई, 'फिरायला' लिखी टाकू?"

"नाही. सात दिवस शेतात काम. बिनमजुरी. लाहा फेडायला."

त्याने डोक्याला हात लावला. "ताई, खरं लिखशी ते व्हिसा भेटाव नही! काम हा शब्दच काढू नको. मन्हं आयकी ले."

"पण मी फिरायला जात नाहीये."

"अरे, सगळे तेच लिखतस! तुन्ही ती गोरी काय लिखीसन आली व्हती?"

त्याने बरोबर ओळखलं. टिल्डाने फिरायलाच लिहिलं होतं, तिनेच मला सांगितलेलं. फिरायला आली, तूर कापली, आणि तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

उद्या सांगते म्हटलं आणि उठले.

१७ एप्रिल

दिवसभर तेच. फिरायला लिहिलं तर काय होतं? कुणाचं नुकसान? कुणाचंच नाही. १ जून चालते, मग हे का नाही?

कारण तारीख मला दिलेली होती. हे मी लिहिणार.

आणि दुसरं — सासूबाई म्हणतात ते खरं असेल तर हे फेडणं आहे. फेडायला निघालेल्या माणसाने पहिल्याच कागदावर खोटं लिहायचं? मग इथेच राहिलेलं काय वाईट?

करणसिंग म्हणाला, "तू वकील व्हायला हवी होतीस. दोन्ही बाजूंची."

२२ एप्रिल

खरं लिहिलं. तौहिदने टाइप केलं आणि वर म्हणाला, "ताई, तू जिद्दी शेस." आहेच. शे तर शे!

१२ मे

मुंबई. अर्जासोबत बोटांचे ठसे द्यावे लागतात. माझे येईनात! मुलगी पुन्हा पुन्हा काच पुसत होती. "मॅडम, जोरात दाबा. मॅडम, क्रीम लावता का काही?" विळा, राख, मिरचीचे देठ — रेषा राहिल्यात कुठे? सातव्या वेळी आले. मागच्या रांगेतला माणूस घड्याळ बघत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, त्याने नजर वळवेपर्यंत.

गाडीला वेळ होता म्हणून समुद्रावर गेले. पहिल्यांदाच बघितला. दीड तास उभी होते. पाणी बघून मला आधी मणिबेली आठवेल असं वाटलं होतं. नाही आठवली. काहीच आठवलं नाही. फक्त पलीकडे काय असेल, एवढंच.

याचा लाह्याशी काय संबंध? काही नाही. पण घडलं ते लिहायचं, म्हणून लिहिलं.

२८ मे

नकार.

"प्रवासाचा सांगितलेला हेतू विश्वासार्ह वाटत नाही." तौहिदने मोबाइलवर वाचून दाखवलं. आमच्या नातलगांना, शेजाऱ्यांना, सगळ्या पाड्याला जो हेतू विश्वासार्ह वाटतो, तो तिकडच्या एका टेबलाला वाटत नाही! बाईमाणूस, चव्वेचाळीस वर्षांची, सात दिवस फुकट राबायला स्वतःच्या पैशाने येतेय — खोटंच असणार!

तौहिद "मी सांगेल व्हतं" म्हणाला नाही. चहा मागवला. त्याचे उपकार.

३० मे

सासूबाईंना नकार कळला. तरी निरोप द्यायला तयार नाहीत. छपराला चार भोकं, स्वयंपाकघरावरचं तर आकाशच दिसतं. करणसिंग शिडी लावून वर गेला, बघितलं, खाली आला. शिडी तिथेच ठेवून शेतात निघून गेला. 

दोन दिवसांपूर्वी माझा राग तिकडच्या टेबलावर होता. आज वाटतं, माझ्या खरेपणाची किंमत हे घर का देईल? फिरायला लिहिलं असतं तर येत्या आठवड्यात मी तिकडे वाफ्यात वाकलेली असते, आणि मी परतल्यावर इथे छप्पर झालं असतं. मी खरी राहिले की नुसती हट्टी?

दोन्ही. पण पुन्हा तेच लिहीन.

५ जून

जामसिंगबाबा आले. पाड्यातले सगळ्यांत वयस्क, लाह्याच्या भानगडी आजवर त्यांनीच सोडवल्यात. पाऊस तोंडावर आणि आमच्या सासूबाई, रूपलीबाई, अडून बसल्यात, हे त्यांच्या कानावर गेलं असणार. ओट्यावर बसले, बिडी पेटवली.

"रूपली, त्या पोरीच्या घरी निरोप कोण घेऊन गेलं होतं?"

"निरोप कशाला? ती इथेच होती."

"लाह्याचा निरोप दारात जातो. घराला जातो, माणसाला नाही. तिच्या दारात गेला होता का?"

"तिचं दार समुद्रापलीकडे!"

"म्हणजे नाही गेला. निरोपाशिवाय जो येतो तो लाह्याचा नव्हे. तो पाहुणा. पाहुण्याने हौसेने विळा उचलला, तर आपण काय करतो? जेवू घालतो. घातलं ना?"

 सासूबाई म्हणाल्या, "घातलं." आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "बाबा, फेब्रुवारीत का नाही आलास रे मेल्या?"

"फेब्रुवारीत छप्पर गळत नव्हतं!"

सगळे हसले. मी पण. मग गोठ्यात जाऊन शेण काढायला लागले. सकाळी काढलेलं होतं.

८ जून

छप्पर झालं! तेवीस घरं आली. दुपारच्या जेवणाला सासूबाई स्वतः वाढत होत्या. करणसिंग वरून ओरडला, "सुटलीस, मोती!"

कशातून?

९ जून

नंदुरबारला जाऊन आले. तौहिदने नवा अर्ज उघडला. त्याच रकान्यापाशी त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सरक, मी लिहिते.

फिरायला.