घासलेल्या जागेवरचं नाव

नाना, तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, पण त्याआधी मी हल्ली काय करते ते सांगावं लागेल. तुम्ही होतात तोवर 'पोरगी धुळ्याला कॉम्प्युटर शिकवते' एवढंच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, आणि कोणी पुढे खोलात शिरलं की 'ते तिलाच ठाऊक' म्हणून मशीन सुरू करायचात. जळगावात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीला लागून तुमचं टेबल, त्यावर मऊ फडकं, आणि हातातल्या सुईचा तो घर्रर्र आवाज. तो सुरू झाला की समोरच्याचं बोलणंच खुंटायचं. लग्नसराईत ताटं, वाट्या, कळशा ढिगाने यायच्या आणि प्रत्येक भांड्यावर कोणाकडून, कोणाला, कशाबद्दल हे तुम्ही टाकत बसायचात. शाळा सुटल्यावर मी तिथेच बसून गृहपाठ करायची. अजूनही कुणाच्या घरी जेवायला बसले की आधी ताट फिरवून कडेवरचं नाव वाचते. लोक हसतात.

हल्ली मी ब्लॉकचेन नावाच्या प्रकारात गुंतले आहे. तुम्हाला कसं समजावू याचा बराच विचार केला. समजा, तुम्ही एका ताटावर नाव टाकलं आणि त्याच क्षणी गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या एका ताटावर तेच नाव आपोआप उमटलं. पुढच्या ताटावर नवं नाव टाकताना आधीच्या ताटाची एक बारीक खूणही त्यात कोरली गेली. आता कोणाला मधलंच एखादं नाव बदलायचं असेल तर पुढची सगळी ताटं बदलायला हवीत, आणि तीही घराघरात शिरून. एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून लिहिलेलं टिकतं. सावद्याकडच्या केळीच्या खोक्यांवर आता चौकोनी कोड लावून बघताहेत. दूरदेशीच्या माणसाने त्यावर मोबाइल धरला की बाग कुठली, तोडणी कधीची, सगळं दिसावं अशी कल्पना. तुम्ही लगेच विचारलं असतं, 'आणि खोक्यातली केळीच बदलली तर?' नाना, याच प्रश्नावर आज मोठमोठी डोकी खपताहेत. लिहिलेलं कोणी बदललं तर साखळीला कळतं, पण मुळात लिहिलं ते खरं होतं का, हे तिला कळत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाकडून मजकूर कागदावर घ्यायचात, मोठ्याने वाचून दाखवायचात, आणि समोरून 'हो' आल्याशिवाय सुई टेकवायची नाही. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. तुम्ही ढिम्म.

आमच्या कॉलेजाने आणि आसपासच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून पदवीची प्रमाणपत्रं अशा साखळीत घातली. खोटी प्रमाणपत्रं फार झाली होती. आता नोकरी देणाऱ्याने प्रमाणपत्रावरच्या कोडवर मोबाइल धरला की खरं-खोटं तिथल्या तिथे कळतं. काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. वाचायला सोपं पडावं म्हणून पहिल्या वर्षी आम्ही अख्खं नावच साखळीत लिहिलं. मग मागच्या महिन्यात इलेक्ट्रिकलची माझी एक जुनी विद्यार्थिनी केबिनमध्ये आली. दुसऱ्या वर्षाला असतानाच तिचं लग्न झालं होतं, सासरच्यांनी परीक्षेच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव लावायला लावलं आणि पदवी त्याच नावाने मिळाली. लग्न टिकलं नाही. का ते तिने सांगितलं नाही, पण ओढणी सावरताना मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग दिसला आणि मी विचारलं नाही. नरडाण्याच्या एका कारखान्यात ती मुलाखतीला गेली. तिथल्या माणसाने कोड वाचला, पडद्यावर त्या नवऱ्याचं नाव आलं, आणि पहिला प्रश्न आला, 'मिस्टर काय करतात?' ती तशीच उठून बाहेर आली. ती मला म्हणाली, "मॅडम, ते नाव काढून टाका ना. नाहीतर मी कुठे मुलाखतीलाच जाणार नाही. घरी दळण करीन, पण हे पुन्हा नको." भुसावळच्या एका कंपनीचं बोलावणं तिला आलेलं होतं. जायचं की नाही हे माझ्या उत्तरावर होतं.

मला वाटलं, यात काय अवघड आहे. अलीकडच्या संशोधनात अशी एक युक्ती आहे की जिच्याजवळ खास चावी असेल ती व्यक्ती साखळीतली जुनी नोंद बदलू शकते आणि खूण मात्र तुटत नाही. रंग बदलणाऱ्या सरड्यावरून त्या युक्तीला नाव दिलंय. ती चावी कोणाकडे असावी यावर वाद आहेत. काही जण म्हणतात, तुकडे करून चार जणांकडे द्या, म्हणजे एकट्याला हात घालता येणार नाही. मी उत्साहाने वाचत सुटले. पण तसं बदललं तरी 'ही नोंद बदललेली आहे' असा शेरा शेजारी दिसायला हवा, नाहीतर साखळीवर विश्वास कोण ठेवील, हेही त्यातच लिहिलेलं. तो शेरा वाचला आणि मला ती कळशी आठवली.

मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते. उन्हामुळे तुमचं टेबल दुकानाच्या आत सरकवलेलं. धुळ्याकडच्या एका खेड्यात दिलेली बाई माहेरी परत आलेली, तिच्याजवळ लग्नातली स्टीलची कळशी. तिच्यावर सासरचं नाव तुम्हीच टाकलेलं. ते काढून द्या म्हणते. तुम्ही आधी नाहीच म्हणता, "बाई, कोरलेलं निघत नाही." ती उठत नाही. शेवटी तुम्ही पॉलिशवाल्याच्या चाकावर ती जागा घासून आणता. नाव जातं. ती खूश होऊन जाते, आणि पुढच्या बाजारी कळशी घेऊन पुन्हा हजर. सगळी कळशी वापरून मळलेली आणि मधोमध तळहाताएवढी जागा आरशासारखी चकचकीत. ती म्हणते, "नाना, पहिले लोके नुसतं नाव वाचेत. आते ज्या त्या इचारतस, आठे काय व्हतं?"

नाव घासलं तरी 'इथे काय होतं' हा प्रश्न उरलाच होता; तुम्ही कळशी हातात घेऊन ती चकचकीत जागा अंगठ्याने चाचपलीत. मग तुम्ही विचारलंत, "आता या जागेवर काय टाकू? वडिलांचं नाव?" ती म्हणाली, "बापनं नको, नवरानं नको. मन्हं एकलीनं नाव टाका." इतक्या वर्षांत अशा मजकुराचं भांडं तुमच्याकडे आलं नव्हतं. आधी सौ. किंवा कु., मागे कोणाची तरी मुलगी किंवा बायको, हा तुमच्या हाताला बसलेला साचा. कुठून सुरुवात करावी आणि मधोमध कसं आणावं हेच तुम्हाला कळेना. तुम्ही खडूने दोनदा आखलंत आणि दोनदा पुसलंत. मग तिचं ते छोटंसं नाव मोठ्याने वाचून दाखवलंत. ती म्हणाली, "हा." घासलेल्या जागेवर ते नाव असं काही उठून दिसलं की मी गृहपाठासारखं पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

म्हणून मी आमच्या समितीत सांगितलं की घासायचं नाही. एक नवी नोंद घालायची, आणि जुनी वाचायचं दार बंद करून त्याची चावी तिच्याकडे द्यायची. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की आता एखादी गोष्ट न दाखवता ती खरी असल्याचं सिद्ध करता येतं. म्हणजे समोरच्याला फक्त एवढंच कळतं की ही बाई या कॉलेजातून, या विषयात, पास झाली आहे. बाकी काही दिसत नाही, आणि तरी खोटेपणाला जागा राहत नाही. पूर्वी यासाठी मोठी यंत्रं लागायची, आता साधा मोबाइल पुरतो. यामागचं गणित मला अजून पूर्ण पचलेलं नाही. आकडे खरे निघतात, आणि ते खरे का निघतात हे थोडं जरी कळलं की मला अजून लहान मुलीसारखा आनंद होतो.

परवा तिला बोलावलं आणि तिच्याच मोबाइलवर करून दाखवलं. पडद्यावर हिरवी खूण, पदवी, आणि तिचं एकटीचं नाव. तिने ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "जुनं आत आहेच हं. ते मला काढता आलं नाही." ती म्हणाली, "असू द्या मॅडम. मी काही ते विसरायला नव्हते आले. फक्त ज्याला त्याला वाचायला द्यायचं नव्हतं." कालच ती भुसावळला जाऊन आली. नोकरीचं अजून कळलेलं नाही, पण मुलाखतीत मोटारीच्या वायंडिंगवर विचारलं म्हणे, आणि हे सांगताना तिचा आवाज मोठा झाला होता.

आता माझा प्रश्न. ती बाई कळशी घेऊन गेली आणि त्याच पावसाळ्यात मी धुळ्याच्या हॉस्टेलला निघाले. तुम्ही मला स्टीलचा डबा दिलात. हॉस्टेलमधल्या सगळ्या मुलींच्या डब्यांवर वडिलांसकट नाव होतं, आडनाव होतं, काहींवर गावसुद्धा. माझ्यावर फक्त माझं नाव. आयुष्यभर लोकांच्या वडिलांची नावं टाकणाऱ्याला स्वतःचं टाकायला वेळ झाला नाही, असं वाटून मी रुसले होते. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "जागा पुरली नाही." नाना, डबा चांगला मोठा होता. तुम्हाला ती कळशी आठवली होती का? की खरंच घाई होती? हे आता कुठल्याच साखळीत सापडायचं नाही, आणि मला तर राहवत नाही.

आणखी एक, तुम्हाला न विचारता केलंय. काल संध्याकाळी तो डबा घेऊन मी आग्रा रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात गेले. आता तिथे लेझरचं मशीन आहे, आवाजच करत नाही. माझ्या नावाखाली तुमचं नाव टाकायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मोठ्यांचं वर घेतात, खाली बरं नाही दिसत." मी म्हटलं, आधीचं तसंच राहू द्या, हे खाली टाका. त्याने पटकन टाईप केलं आणि बटणाकडे हात नेला. मी त्याला थांबवून आधी मोठ्याने वाचायला लावलं. तो जरा हसला, पण वाचलं. आई गेल्यापासून तुमचं नाव कोणाच्या तोंडून असं पूर्ण ऐकलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत थांबला होता, आणि मला 'हो' म्हणायला बराच वेळ लागला.