मोहाखालची राणी

८ डिसेंबर १९८६
लटारूनं आज हातपंपावर गाठलं. वर्गातला सगळ्यात बुटका पोरगा, आणि सगळ्यात उंच मला! "ग्यादरिंगमदी नाटक हाय. तू मले पायजे."
"राक्षस होनार नाई," मी आधीच सांगून टाकलं. दरवर्षी मीच राक्षस. दहावीतली एकही पोरगी माझ्या खांद्याला लागत नाही, पुढच्या दातांत फट, पायाला बाबांच्या चपला बसतात. मग दुसरं कोण होणार!
"राक्षस नाई. राणी."
हंडा तिथेच विसरून घरी आले. आईनं शिव्या घातल्या.

९ डिसेंबर
राणी!!

१२ डिसेंबर
शाळा सुटल्यावर मोहाच्या झाडाखाली तालीम. दोघांचंच नाटक – राजा तो, राणी मी. लिहिलंय त्यानंच, म्हणून राजा फार बोलतो. मी म्हटलं, मी बसूनच बोलते, नाहीतर लोक हसतील.
"काऊन? राणी उभीच राहीन. मी वर पाहीन."
आणि पाहिलं. मला पुढचं वाक्यच आठवेना.

१६ डिसेंबर
पोरं पुन्हा ओरडली – "निलगिरी! निलगिरी!" जंगल खात्यानं ती झाडं लावली तेव्हापासून हेच. माझं नाव नीला, त्यांना आयतंच मिळालं. लटारू त्यांना म्हणाला, "हो, थे निलगिरी. अन् आपन सारे बोराटीची झुडपं!" हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. फार आवडतो मला हा पोरगा. लिहून टाकलं.

१९ डिसेंबर
राणीसाठी आईची हिरवी साडी मागितली. "तुले आखूड पडते," म्हणाली. मग स्वतःच खालून पट्टी जोडायला बसली. मला रडूच आलं.

२२ डिसेंबर
गेडाम सरांना विचारलं, आमचं नाटक कधी?
"कोनतं नाटक? यंदा तं नाटकच नाई."
कानशिलं तापली. सगळ्यांनी मिळून माझी फजिती केली असंच वाटलं. लटारूला मोहाखाली गाठलं. हात उगारला होता, खोटं कशाला लिहू! "काऊन केलं असं?"
पळाला नाही. मान खाली. "नाटक नाई म्हनलं असतं, तं तू आली असती का?"
दप्तर उचलून निघून आले. पट्टी उसवून टाक म्हणून आईला सांगणार होते. सांगितलं नाही.

२३ डिसेंबर
शाळा सुटल्यावर तालमीला गेले. तो मान खाली घालूनच बसलेला. मी उभी राहिले आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलले – "वर पाह्य नं, लटारू."