सराट्याचा तिसरा ठोका

इतवारी, नागपूर
१२ सप्टेंबर १९८४

प्रिय दिवाकर,

सुखरूप पोहोचलो. स्टेशनवर तुझी आई आली होती. माझ्याकडे बघायच्या आधीच तिनं विचारलं, "पोट्टा वाळला काय हो? जेवते ना बरोबर?" मी म्हटलं, जेवतोच काय, मलाही जेवू घातलं. तेव्हापासून आठ दिवस आपल्याकडे एकच विषय चालू आहे, तुझ्याकडच्या मुक्कामात शेवटच्या संध्याकाळी तू मला नेलंस ते मोरोक्कोच्या जेवणाचं हॉटेल. शेजारच्या यमुताईंनी तर तीनदा ऐकलं. मातीच्या भांड्यावर विदूषकाच्या टोपीसारखं झाकण, आत मटण आणि मटणात चक्क जर्दाळू, हे सांगितलं की त्या दरवेळी तितक्याच जोरात "अगंबाई" म्हणतात. सोबतचा तो वाफवलेला बारीक रवा मी सांजा म्हणून सांगतो. पुदिन्याचा चहा हातभर उंचावरून ओततात हे मात्र त्यांना पटत नाही. त्यांच्या मते तिथंच मी थापा मारायला सुरुवात करतो.

खरं सांगू? दारातून आत शिरताना मी बिचकलो होतो. काचेची टेबलं, जमिनीतून येणारा निळा उजेड, आणि कोट घातलेला मी, लकडगंजच्या लाकडाच्या वखारीत हमाली केलेला माणूस. पण तो मालक, इद्रिस, हात धुवायला पितळेची झारी आणि खाली धरायचं तस्त घेऊन स्वतः आला. मी वडीलधारा म्हणून पहिल्यांदा माझ्या हातावर पाणी घातलं. मग माझी भीड गेली. सवयीनं मी तस्ताला नखानं टिचकी मारली आणि तुला म्हटलं, सांग याला, कडेला बारीक चीर आहे. लग्नाला भाड्यानं दिलेली पातेली परत घेताना तीस वर्षं हेच केलं रे. डोळ्याला फसवता येतं, चंपतरावाच्या कानाला नाही, असं सगळी इतवारी म्हणते. इद्रिसनं तस्त उजेडात धरून पाहिलं आणि केवढ्यानं हसला! तुझ्या पाठीवर थाप मारून काहीतरी बोलला. तू लाजलास.

तुझ्या आईचं म्हणशील तर तिची तब्येत ठणठणीत आहे. रोज बायकांना सांगते, "माझा दिवाकर तिकडं पूल बांधून राहिला." परवा एकीनं विचारलं, कोणत्या नदीवर? ही म्हणाली, सगळ्याच.

धोंडबाला भेटायला रविवारी एस.टी.नं उमरेडला गेलो होतो. आठवतो ना, आपल्या भांड्यांवर निम्म्या नागपूरची लग्नं रांधलेला धोंडबा आचारी? गुडघे गेले त्याचे. ओसरीवर बसून लसूण सोलत होता. सवय. तू बारा वर्षांचा होतास तेव्हा शाळा सुटली की त्याच्या भट्टीजवळ जाऊन बसायचास. एका लग्नात मी तुला तिथून कानाला धरून उठवलं होतं आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आचाऱ्याच्या हाताचा वास जात नाही, त्याला कोणी पोरगी देत नाही, माझ्या पोरानं इंजिनियर व्हायचं. धोंडबा दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. पंगत उठल्यावर मला स्वतः वाढलं आणि एवढंच म्हणाला, "जेव गा चंपतभाऊ, उपाशी माणूस फार बोलते." मी जेवलो. माफी मागायची राहिली. ती या रविवारी ओसरीवर मागितली. आणि त्याला तुझी गोष्ट सांगितली.

कोणती गोष्ट, ते आता तुलाही सांगतो.

त्या संध्याकाळी इद्रिस तुझ्या कानाशी लागला आणि तू उठलास. ऑफिसचा फोन आहे म्हणालास. मी एकटाच रवा चिवडत बसलो होतो. भटारखान्याचं दार हललं आणि आतून आवाज आला. भाजी ढवळायचा सराटा कढईच्या काठावर आपटल्याचा. दोन ठोके, मग जरासं थांबून तिसरा. दिवाकर, ठोके सगळेच आचारी मारतात. पण पहिले दोन सराटा झटकायला आणि तिसरा अन्नपूर्णेला, असं मारणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला आणि तो उमरेडला लसूण सोलत बसला आहे. तू परत आलास तेव्हा तुझ्या बाह्या ओल्या होत्या. मी विचारलं, पूल ठीक आहे ना? तू म्हणालास, हो बाबा.

विमानात मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. शिक्षण, फी, तीन वर्षांची पत्रं, सगळं आठवलं. मग म्हटलं, चंपतराव, पोरगा खोटं कोणाच्या भीतीनं बोलला? आणि ते मटण आठवलं. जर्दाळू होता, पण गोडाला तिखट धरून होतं. तुझ्याच हातचं होतं ना? तरीच ताट पुसून खाल्लं मी.

धोंडबानं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसत एकच विचारलं, "तिसरा कसा मारते गा? ढिला का नेमका?" मी म्हटलं, नेमका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुझ्या बहिणीचं, आपल्या गोपिकाचं लग्न नऊ डिसेंबरला ठरलं. सहाशे पानं. लकडगंजातलं कार्यालय घेतलं, मांडव सांगितला, बँडवाला सांगितला. भांडी घरचीच. तुझ्या आईला मी अजून काही बोललो नाही. तिचा तो पूल तूच येऊन पाड, मी शेजारी उभा राहीन. धोंडबा खुर्ची टाकून भट्टीजवळ बसणार आहे, फक्त बघायला म्हणतो. लोक विचारतीलच, जेवण कोणाच्या हातचं? ते मी सांगीन, सगळ्यांसमोर, त्या दिवशी बोललो होतो त्याहून मोठ्यानं.

तेवढं तिकीट काढ. आचारी मात्र मी अजून सांगितलेला नाही.

तुझाच,
बाबा