ट्रूसने रस्ता विचारला

मंगळवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

मी हसले. तेच सारखं आठवतंय. हसायला नको होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आइंडहोव्हनजवळच्या या डच खेड्यात आले, त्याला सात वर्षं झाली. धावायच्या सगळ्या वाटा मला शेजारच्या ट्रूसनेच दाखवल्या. कालव्याकाठची, चर्चमागची, मक्याच्या शेतांमधली. आज त्याच शेतांपाशी, वाटेला दोन फाटे फुटतात तिथे, ती एकदम थांबली.

"घर कुठल्या बाजूला गं?"

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हणून हसले. ती नाही हसली. घाबरून दोन्हीकडे बघत राहिली. मग मीच तिचा हात धरला आणि चालत घरी आणलं. चिखल, अंधारून आलेलं.

दारात तिचा नवरा, यान, उभा होता. "कसं झालं आज?"

"नेहमीसारखं," ट्रूस म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

"हो, नेहमीसारखंच," मीही म्हणाले. चक्क खोटं. पण तिच्यासमोर कसं सांगायचं?

ती आत गेली. मी वळले, तर यान फाटकापर्यंत माझ्यामागे आला. हळूच म्हणाला, "एकटीला नाही सोडत मी तिला हल्ली. तू बरोबर असतेस म्हणून जाऊ देतो."

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून, ते विचारवलं नाही. आठवड्यातून तीनदा मी तिच्या शेजारून धावते, आणि मला पत्ताच नव्हता.