डब्याची उंची

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. साष्टांग घालायला खाली जागा नाही, जिकडेतिकडे लेथचे तुकडे पसरलेत, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

फोनवर आपण दोघं भांडून शेजाऱ्यांची करमणूक करतो, म्हणून वर्कशॉपचं जे काही बोलायचं ते यापुढे पत्रात, असा आईचा हुकूम आहे. लिहिता लिहिता राग निवतो म्हणे. माझा तर ओळीगणिक वाढतोय.

तुझं पार्सल पोचलं. मोजपट्टी आणि हत्यार किती सरकलं त्याचे आकडे दाखवणारा तो डबा. चकचकीत आहे, शहाणा आहे, आणि मला तो खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटतोय. अर्ध्या दिवसाचं काम आहे असं तू लिहिलंस ना? मग ऐक. पट्टी लेथच्या मागे बसवायला ब्रॅकेट हवं. ब्रॅकेटसाठी प्लेट मिलिंगवर सपाट करायला हवी. मिलिंगच्या व्हाइसच्या स्क्रूचे आटे गेलेत, तो प्लेट धरतच नाही. नवा स्क्रू करायचा तर लेथ लागतो. आणि लेथ, तुझ्या डब्यापायी, मी सकाळीच उघडून ठेवला होता! बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि स्वतःच्या अकलेला हात जोडले. काका स्टुलावरून एवढंच म्हणाले, की बादलीवरून ऊठ, तिच्यात कूलंट कालवायचंय.

बाकी रोजचं आहेच. जुनं कूलंट आंबलंय, नाकाला रुमाल बांधून काढावं लागलं. कॉम्प्रेसरमधलं पाणी सोडा, पट्टा ताणा, ग्राइंडरचं चाक बदला. आणि लोखंडाचा कीस तर झाडावा तेवढा थोडा, माझ्या हातातला झाडू खाली पडत नाही. सुधारणा करायची कधी?

खरी काळजी वेगळीच आहे. पंपवाल्याने पितळी बुश पुन्हा परत पाठवले. बाहेरून बारीक निघालेत, पंपात बसवले की सैल. यावेळी तो स्वतः आला आणि काकांच्या तोंडावर म्हणाला, की पुढचा लॉट असाच आला तर लेथवर दुसरं माणूस बसवा, नाहीतर मी काम दुसरीकडे देतो. काका लेथचा चक पुसत राहिले. बाबा गेल्यानंतर या माणसाने त्या लेथवर आपल्या दोघांना वाढवलं. तोच काढून घेतला तर काका घरात बसून काय करतील, भिंती मोजतील? मी पंपवाल्याला ठणकावून सांगितलं की दोष लेथचा आहे, हत्यार धरणाऱ्या आडव्या स्लाइडचा स्क्रू झिजलाय. तो मी आधी बदलणार. तुझा डबा नंतर.

लोभ आहेच. तो आता वाढवू नकोस, तुझा लोभ वाढला की पार्सलं येतात.

तुझी,
धाकटी


ता. १२ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ. तेही उभ्यानेच, कारण इथेही बसायला सवड नाही.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. मग तिने मला आठवण करून दिली की कारखान्यातल्या दीडशे मशिनांची देखभाल करणाऱ्या या गृहस्थाच्या घरचा नळ अजून टपकतोय. म्हणजे हसायचा हक्क मला नाही.

व्हाइसचं सोपं आहे. त्याला बाजूला ठेव, प्लेट थेट मिलिंगच्या टेबलावर क्लॅम्पने आवळ आणि सपाट कर. पण एक ऐक. स्क्रू राहू दे, नट राहू दे, आधी डबा बसव. मोठ्या आकड्यांचा डबा मी मुद्दाम निवडलाय, दुकानदार छोटा गळ्यात मारत होता. आणि तो लेथवर वर, काकांच्या नजरेच्या उंचीवर बसव. काका ताडमाड आहेत, तू टिचभर. तुझ्या सोयीने लावू नकोस.

का म्हणून विचारू नकोस. मोठ्या भावाचं एक कधी तरी ऐकावं.

काकांच्या जिभेला आणि तुझ्या नाकाला जपून असा. आईला नमस्कार.

तुझा,
दादा


ता. २१ मार्च

ती. दादास,
नमस्कार घे, आणि सोबत चार शिव्या घे, त्या लिहीत नाही कारण पाकीट आई चिकटवते.

का म्हणून विचारू नकोस म्हणे! विचारणार. राबायचं मी, तेलात कोपरापर्यंत हात माझे, आणि साहेब तिकडून उंची ठरवणार. क्लॅम्पची युक्ती चालली, ब्रॅकेट झालं, तेवढं मान्य. मग वायरमन आला. त्याने डब्याची वायर अशी ओढली की स्लाइड मागे घेतली की ती चिमटणार. मी दाखवलं तर म्हणाला, मग स्लाइड मागे घेऊ नका. त्याला बाहेर काढलं आणि वायर मीच फिरवली. ती फिरवताना वरच्या पत्र्यातून टपटप पाणी मानेवर आलं, म्हणून शिडी लावून पत्रा डांबराने बुजवला. खाली उतरले तर लेथवर डांबराचे ठिपके. ते खरवडताना काका म्हणाले, की याला सुधारणा म्हणतात होय.

तुझं न ऐकता स्क्रू आणि नट नवे घातले. स्लाइड आता लोण्यासारखी चालते, जरासुद्धा ढिलाई नाही. काकांनी बुश काढायला घेतले, डब्याकडे ढुंकून न बघता, स्लाइडच्या चाकावरच्या आपल्या जुन्या डायलवर. आणि दादा, ते पुन्हा बारीक निघाले. त्याच लेथवर, त्याच डायलवर मी दोन काढले, ते बरोबर आले. मी सगळेच बुश भंगाराच्या पेटीत टाकले आणि काकांना सांगितलं की पितळच खराब आलंय.

तुला काहीतरी माहीत आहे आणि तू ते गिळून बसलायस. ओक.

उत्तर येईपर्यंत लोभ बंद.

धाकटी


ता. २९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ. लोभ चालू कर, सांगतो.

दोष लेथचा नाही, पितळाचाही नाही. काकांना डायलवरच्या रेघा दिसत नाहीत. मागे सुट्टीवर आलो होतो तेव्हा पाहिलं. अंगठ्याचं नख रेघेवर ठेवतात आणि अंदाजाने चाक फिरवतात. एकदा मला मायक्रोमीटर वाचायला लावला, म्हणाले, बघू विसरलास का. मी आकडा सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तेव्हा मी ओळखलं. डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते मी आईकडून काढून घेतलं, तिला शपथ घातली आहे. चष्मा बदलून सुधारणारं ते नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, चेहऱ्यावर येतं, आणि काकांना तेवढंच पुरे. म्हणून हे डब्याचं नाटक. मोठे लाल आकडे दिसले तर त्यांचे हात अजून चांगले आहेत गं. त्यांना कुणी लेथवरून उठवू नये, एवढंच मला हवंय.

त्यांना कळू देऊ नकोस. तुझ्यावर भिस्त आहे.

दादा


ता. ५ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार. बसून लिहितेय, कारण उभी राहिले तर काहीतरी फोडेन. रागाने.

माझ्या पोटात काही राहत नाही? मला थंडीपासून माहीत आहे! त्यांनी काढलेला प्रत्येक बुश मी गुपचूप पुन्हा मोजत आले, चुकलेले बाजूला सारून माझे त्यात घालत आले. दोनदा वेळ मिळाला नाही, तेच दोन लॉट परत आले. लेथची एवढी बदनामी मी कशासाठी केली? धडधाकट स्क्रू उपसून नवा कशाला घातला? काकांना तोंड लपवायला जागा असावी म्हणून! आणि तू तिकडून स्क्रू राहू दे, डबा बसव. आधी मला वाटलं, याला कशाचा पत्ताच नाही. आई दोघांचं ऐकत होती आणि दोघांना गप्प बसवत होती. म्हणून फोन बंद केला तिने, आता कळतंय. ओरडता ओरडता कुणीतरी बोलून जाईल आणि काका बाहेरच्या खोलीत ऐकतील.

असो. डबा बसवला, काकांच्या नजरेच्या उंचीवर. मला आकडे बघायला टाचा उंच कराव्या लागतात. काकांना सांगितलं की दादाने एवढ्या लांबून पाठवलाय, वापरला नाही तर रुसेल. ते हुं म्हणाले. महिनाअखेर पंपवाल्याला लॉट द्यायचाय. हा फसला तर संपलं. मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा झाडू सुटत नाही.

लोभ ठेव, आणि जमलं तर थोडी अक्कलही ठेव, दोघांपुरती.

तुझी,
धाकटी


ता. २४ एप्रिल

चि. पुतण्यास,
अ. आ. वि. वि. हे पत्र सांगतोय मी आणि लिहितेय तुझी आई. यावरून काय समजायचं ते समज. ती म्हणते आहे की असं तुटक सांगू नका, मुलगा घाबरेल. घाबरायला तो काय लहान आहे?

तुझा डबा चांगला आहे. पण बाळा, एवढे मोठे आकडे स्टेशनावर असतात, लेथवर नसतात. डबा सुरू झाला त्याच दिवशी मला कळलं की तुलाही कळलंय. तोवर मी समजत होतो की निदान तुला तरी मी फसवतोय. पोरगी माझे बुश बदलते ते मला आधीपासून ठाऊक होतं. माझी कड मी बोटाने ओळखतो, तिची कड वेगळी असते, जरा जास्त साफ. बोललो नाही, कारण बोललो असतो तर लेथवरून उठावं लागलं असतं. मला उठायचं नव्हतं. हे लिहू का, असं तुझी आई विचारते आहे. लिही म्हटलं.

पंपवाल्याच्या लॉटचा पहिला बुश मी काढला, डब्यावर बघून. आकडे दिसले. बुश बरोबर उतरला, अगदी बरोबर. तो हातात धरून मी जरा बसलो. मग मान वर केली तर पोरगी टाचा उंचावून आकडा बघत होती, आणि एक हात फिरत्या चकाजवळ. काम करताना पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत, हे मीच तिला शिकवलं होतं. आणि माझ्यासाठी ती चवड्यांवर तोल सांभाळत होती.

लेथ बंद केला. ड्रिल घेतलं, हाताने चाचपून भोकं पाडली आणि डबा खाली आणला, तिच्या उंचीवर. आता मला आकडे बघायला वाकावं लागतं आणि माझी कंबर वाकत नाही, तेव्हा प्रश्न मिटला. बाकीचा लॉट तिने काढला. पंपवाला सगळा मोजून घेऊन गेला, एकही परत आला नाही. जाताना म्हणाला की काका, तुमचा हात पुन्हा बसला. मी म्हटलं, हात तिचा आहे. ती तेव्हा डोळ्यांत कीस गेला म्हणून मोरीकडे पळाली.

मी घरी बसणार नाही, हे तुम्हा दोघांना सांगून ठेवतो. कूलंट, कॉम्प्रेसर, पट्टे आणि झाडू आजपासून माझ्याकडे. त्या कटकटींच्या पायी तिला लेथवर उभं राहायला वेळच मिळत नव्हता. पहिला बुश तुझ्या आईने फडताळात ठेवलाय, आलास की बघ.

घरचा नळ दुरुस्त कर. लोभ करतोसच, तो असाच तोंडावर करत जा, डब्यातून नको.

तुझा,
काका


ता. ३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि. आज जमिनीवर डोकं टेकून नमस्कार करता येईल, जागा आहे.

पंपवाल्याने पुढचं काम दिलं. लेथ झकास चालतोय, उगाच बदललेल्या स्क्रूसकट. मिलिंगच्या व्हाइसचाही स्क्रू करून घातला. डबा माझ्या नाकासमोर आहे, आणि मी अजून सवयीने टाचा उंचावते, मग काका ओरडतात. आवाजावरून त्यांना कसं कळतं देव जाणे. पट्टा करकरायच्या आधी ताणला जातो, कूलंट आंबत नाही. काका सकाळी माझ्याआधी येतात आणि मी पोचले की उशीर झाला म्हणून ऐकवतात. पूर्वी जेवढा वैताग होता तेवढाच आहे, फक्त आता तो मला आवडतो.

एकच भानगड आहे. झाडू. त्याला ते मला हात लावू देत नाहीत, आणि त्यांना कीस दिसत नाही. मधली जमीन लख्ख करतात, लेथखाली आणि कडेला सगळं तसंच राहतं. मग ते हात धुवायला गेले की मी पटकन दुसरा झाडू काढते, मशीनमागे दडवलेला, आणि राहिलेलं भरून टाकते. काल ते लवकर परत आले. मी झाडू पाठीमागे धरून उभी. त्यांनी चपलेने कडेची जमीन चाचपून पाहिली, लेथखालची पाहिली, आणि म्हणाले की बघ, याला म्हणतात झाडणं, तुला इतक्या वर्षांत हे कधी जमलं नाही.

मी म्हटलं, खरंय काका, नाहीच जमलं.

लोभ वाढव, आता चालेल. फक्त झाडूसाठी काही पाठवू नकोस.

तुझी,
धाकटी