गाडी चार बोटं वर

प्रिय निलम,

फोन सोडून जन्म देणाऱ्या याडीनं पत्र काहून पाठवलं, असं तुला वाटंल. तुझ्या सासरी फोन आला की तो स्पीकरवर ठेवायची रीत आहे, आणि मला जे बोलायचं ते तुझ्या दोन कानांपुरतंच आहे. शालूबाई हळदीच्या कामाला वसमतच्या मोंढ्यात जाते, तिच्या हाती देऊन राहिले. बाई भरवशाची आहे. तू एकटी असशील तवा वाच, आणि पाय वर घेऊन बस. ओटीच्या दिवशी तुझ्या पायाला सूज होती, ती उतरली का ते शालूबाईजवळ सांगून धाड. इकडं सगळे बरे आहेत. तांड्यावरच्या पोरींनी तीजच्या सणाला टोपल्यांत गहू पेरले. गाणी सांगायला निलमबाई येणार का म्हणून रोज मला विचारून राहिल्या, आणि मी रोज त्यांना व्हय म्हणून सांगते.

पहिली बातमी ही की गाडी विकली न्हाई. तुझ्या भावानं पुण्यात बसून गिऱ्हाईक ठरवलं होतं, मला न विचारता. कुलदीपचं म्हणणं असं की बापू गेले, आता ही जुनी फोर बाय फोर दारात ठेवून काय करायचं, डिझेल पिते, पत्रा सडला, तू बाईमाणूस किती दिवस चालवशील. गिऱ्हाईक आलं, बोनेटवर हात मारून बघितलं, आणि मलाच म्हणालं की मालकाला बोलवा. मी म्हटलं, मालकाशीच बोलून राहिलास. चहा पाजला आणि वाटंला लावलं. तुझ्या बापूंनी ही गाडी सरकारी खात्याच्या लिलावात घेतली तवा सगळा तांडा हसला होता. मागं दोन बाकं, दहा माणसं बसायची, पुढची चाकंही ओढायची. त्याच गाडीनं त्यांनी तांड्यावरचं दुखणंखुपणं, लग्नंकार्यं, कापूस, सोयाबीन, सगळं वाहिलं. ते होते तवाच मी चालवायला शिकले, आणि ते गेल्यावर तेराव्या दिवशी मी गाडी बाहेर काढली. लोकांना बोलायचं ते बोलले. बोलू दे.

आता दुसरी गोष्ट, आणि तिचा राग मला अजून आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी नवीन काढलेलं न्हाई. तुझ्या सासूचंही पहिलं तिच्या माहेरच्या तांड्यावरच झालं असंल. आमी ओटीला आलो, साडी, नारळ, मोतीचुराचे लाडू, काही कमी केलं न्हाई. आणि निघताना तुला न्यायचं म्हटलं तर तुझी सासू भरल्या ओसरीत, पन्नास बायांसमोर म्हणाली, पोळ्याच्या सुमाराला दिवस भरणार, ऐन पाण्यात, तुमच्या त्या ओढ्यातून माणूस पलीकडं जातं का, आमी आमचं लेकरू पाठवत न्हाई. वर तुमची ती डबडा गाडी असंही म्हणाली. तू आत होतीस. मी गाडी काढली.  ओढ्यात उतरले तवा गाडी थांबवली, खाली उतरले, आणि ओढ्याकडं बघत ठरवलं की हिचं निमित्तच काढून घ्यायचं. पुलाचा नारळ दोन बारी फुटला. फोडणारे खोबरं खाऊन गेले, पूल आला न्हाई. तो यायची वाट बघत बसले तर तुझं लेकरू शाळेत जाईल. मग पूल न्हाई तर न्हाई, गाडी वर घ्यायची.

जवळा बाजारला कोंडीबाचं कमान-पाट्याचं दुकान आहे. गाडी खाली ज्या लोखंडी पट्ट्यांच्या जुडग्यावर बसते त्याला हे लोक पाटा म्हणतात. हा कोंडीबा म्हणजे लई बोलका माणूस. मी गाडी वर घ्यायची म्हटलं की त्यानं विचारलंच न्हाई कशासाठी. म्हणाला, ताई, सहा इंच वर घेऊ, पाट्यात जादा पट्ट्या टाकू, अशी दिसंल की नांदेडपर्यंत लोक वळून बघतील. बाजाराचा दिवस होता, चार बाप्ये चहा पीत बसले होते, ते हसले. एकानं विचारलं की बाईला आता निवडणुकीला उभं राहायचं का. मी म्हटलं, राहिले तर तुझ्या दारी मत मागायला येणार न्हाई, तू चहा पी. खरं सांगू का, मलाही तवा ते सहा इंच आवडले. मला ती गाडी तुझ्या सासूच्या दारात उभी करायची होती, उंच, की तिनं मान वर करून बघावं. कुलदीपला फोनवर सांगितलं तर तो ओरडला, उंच गाडी वळणावर कलते, उलटंल, आरटीओवाले धरतील. मी फोन ठेवून दिला आणि कोंडीबाला म्हटलं, टाक पट्ट्या.

गाडी झाली उंच. चढताना मलाच दांडीला धरून चढावं लागलं. बाजारातून निघाले तर पोरं मागं पळाली. आणि ओढ्यात उतरले तर मधोमध गाडीच्या पोटाखाली तोच आवाज आला, कर्र करून. मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा आहे ना, तो त्याच कातळाला घासला, जिथं आजवर घासत आला. मी खाली वाकून बघितलं. गाडी सहा इंच वर गेली होती, गोळा होता तिथंच होता. निलम, मी त्या पाण्यात उभी राहून स्वतःलाच शिव्या दिल्या. कापसाची बैलगाडी रचल्यासारखं ते आहे बघ. आपण रचत जातो वर, पण आस चाकाच्या मधीच राहतो. पट्ट्यांनी नुसतं धूड वर जातं. गोळा वर घ्यायचा तर चाकंच मोठी पाहिजेत, आणि मोठी चाकं आत मावावीत एवढ्यापुरतंच धूड वर घ्यायचं. हे कोंडीबाला ठाऊक नसंल असं न्हाई. पण आजवर ज्यानं त्यानं त्याच्याकडं गाडी दिसायला वर घेतली, आणि मीही दिसायलाच मागितली होती, मग तो काहून सांगंल.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला म्हटलं, चल, मागच्या बाकावर बस. दुकान सोडून येत नव्हता, मी चावी घेऊन उभीच राहिले, शेवटी बसला. तांड्याच्या वाटेनं आणला त्याला. जादा पट्ट्यांनी गाडी दगडासारखी कडक झाली होती. खड्ड्यात चाक गेलं की डोकं टपाला लागायचं. दोनदा त्याचं लागलं. तिसऱ्या खेपेला त्यानं दोन्ही हातांनी बाक धरला आणि तोंड बंद केलं. ओढ्याच्या अलीकडं थांबवून मी त्याला विचारलं की इथं दिवस भरलेली बाई बसली तर तिचं काय होईल. तो माणूस डोकं चोळत खाली उतरला, गाडीखाली वाकून बघितलं. मग म्हणाला, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं, ताई, पट्ट्या काढू. त्याला मी तवाच काढू दिल्या न्हाईत, कारण तुझ्या सासूचा राग अजून उतरला नव्हता, आणि उंच गाडीची खोड सुटत नव्हती. आठ-दहा दिवस तशीच फिरवली. मग एक गोष्ट झाली आणि गाडी कशासाठी वर घ्यायची हेच माझ्यासाठी बदललं. ती खाली सांगते.

शेवटी निवडलं ते असं. एका नंबरानं मोठे टायर. जादा पट्ट्या काढून टाकल्या, जुन्याच पट्ट्या तापवून त्यांची कमान थोडी वाढवली, म्हणजे गाडी उचलली जाते पण लवचीक राहते. लांब शॉकअप. सहा इंच न्हाई, चार बोटं. दुरून बघितलं तर कुणाला कळणारही न्हाई. कोंडीबाला हे काम आवडलं न्हाई, म्हणाला यात माझं नाव होणार न्हाई. मी म्हटलं, नको होऊ दे. मग ओढ्यात घातली तर गोळा कातळावरून निघाला, बोटभर जागा ठेवून. त्या बोटभर जागेसाठी मी महिना घातला.

पण नुसता गोळा निघून भागत नव्हतं, आत बसणाऱ्याला हिसका किती बसतो ते बघायचं होतं. त्यासाठी कोण आलं सांगू? तुझी आशाकाकी. तुला ठाऊक आहे ती त्या दिवसापासून या गाडीत बसलेली न्हाई. जवळा बाजारला पायी जाते, पण बसत न्हाई. ती घरून काठोकाठ भरलेली घागर घेऊन आली, मागच्या बाकावर बसली, घागर मांडीवर घेतली आणि म्हणाली, चल. मी म्हटलं आशा, तू नको, मी दुसरं कुणी बघते. ती माझ्याकडं बघतच न्हाई. मग मी चालवली. तांड्याचा उतार, गोट्यांची वाट, ओढा, पलीकडचा चढ. मागं बघायची हिंमत झाली न्हाई. डांबरी लागल्यावर थांबले. तिच्या लुगड्यावर ओंजळभर पाणी सांडलं होतं, बाकी घागर तशीच होती. ती घागरीला धरून रडत होती. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आता आण पोरीला."

आता मी हे पत्र काहून लिहिलं ते. मी ती उंच गाडी मिरवून राहिले होते तवा एका रविवारी तुझा विकास, आपला जावई, तांड्यावर आला. मोटारसायकल ओढ्याच्या पलीकडं लावून पायी आला, गुडघ्याएवढी पँट भिजलेली. चहा झाला तरी बोलंना. मग म्हणाला, "मामी, घरचं कोणी अडवत न्हाई. निलमच येत न्हाई म्हणते. ओढ्याचं नाव काढलं की तिचे हात गार पडतात. तुमाला वाईट वाटू नये म्हणून तिनंच माझ्या आईला सांगितलं, तुमी न्हाई म्हणा." निलम, आशाकाकीला दवाखान्यात नेत होते तवा तू नववीत होतीस. आशाकाकीचं डोकं तुझ्या मांडीवर होतं, गोळा कातळावर बसला होता, बापू आणि दहा माणसं ढकलत होती, आणि लेकरू गाडीतच झालं आणि रडलं न्हाई. पुढं वर्षभर तू शाळेला डोंगराच्या वाटेनं गेलीस, दुप्पट चालून, आणि आमी कुणी तुला विचारलं न्हाई. मला वाटलं पोरगी विसरली. तू विसरली न्हाईस. तुझ्या सासूनं तुझ्यासाठी सगळ्यांदेखत वाईटपणा घेतला, बाई चांगली आहे, आणि हे मला माझ्या हातानं लिहावं लागतं याचाही मला राग येतो. पण तुला भीती वाटती म्हणून मी गप बसंन, असं समजू नको. येत्या गुरुवारी गाडी घेऊन येऊन राहिले. आशा मागच्या बाकावर असंल, ती म्हणते पोरीशेजारी मीच बसणार. तू ये, चाकं बघ, खाली वाकून तो गोळा बघ, गावातून एक चक्कर मार. तरी हात गार पडले तर तिथंच राहा. मी गाडी तुमच्या दारात लावीन, गाठोडं आत आणीन, आणि तुझं बाळंतपण तुझ्या सासूच्या चुलीवर करीन. कोण मला उठवतं ते बघते. माहेर म्हणजे काय तो ओढ्यापलीकडचा तांडाच आहे असं थोडंच आहे. फक्त यायचं न्हाई म्हणायचं असंल तर माझ्या तोंडावर म्हण, सासूच्या तोंडून न्हाई.

तुझीच, आणि कुणाला न भिणारी,
याडी